सायनसमधली बुरशी : घाबरायचे कशाला आणि सावध राहायचे कशापासून?

२०२१ च्या उन्हाळ्यात 'काळी बुरशी' हा शब्द महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला. कोविडच्या दुसऱ्या लाटेतून बरे होऊन घरी आलेल्या माणसांचा डोळा सुजत होता, गाल बधिर होत होता, टाळूवर काळा डाग दिसत होता. काहींचा डोळा काढावा लागला, काहींचा वरचा जबडा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोपर्यंत देशात ४५,००० हून अधिक लोकांना म्युकरमायकोसिस झाला होता आणि ४,३०० हून अधिक रुग्ण दगावले होते. सर्वांत जास्त रुग्ण आपल्या महाराष्ट्रात होते, ९,००० हून अधिक.

ती लाट ओसरली. भीती मात्र मागे राहिली आणि ती चुकीच्या जागी राहिली, असे माझे मत आहे. पेण-रोह्याकडे पावसाळा लागला की भिंतींना बुरा धरतो, पापडाच्या डब्यात पांढरे ठिपके दिसतात, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवट थर चढतो. मग प्रश्न येतो, "डॉक्टर, ही बुरशी नाकात गेली तर?" प्रश्न रास्त आहे. पण रक्तातली साखर २८० असलेला माणूस हा प्रश्न विचारतो तेव्हा मला त्याच्या भिंतीपेक्षा त्या २८० ची काळजी जास्त वाटते. असे का, ते या लेखात सांगतो. त्यासाठी बुरशी नाकात कशी येते आणि तिथे कशी वाढते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

सायनस म्हणजे काय?

"मला सायनस आहे" असे आपण सहज म्हणतो. खरे तर सायनस प्रत्येकालाच असतात. नाकाभोवतीच्या हाडांमध्ये हवेने भरलेल्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. गालाच्या हाडात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या अगदी मागे, मेंदूच्या तळाशी, अशा त्यांच्या चार जोड्या असतात. अरुंद वाटांनी त्या नाकात उघडतात. त्यांना सूज आली की त्या आजाराला सायनुसायटिस म्हणतात.

या पोकळ्यांचे शेजारी कोण आहेत ते लक्षात ठेवा. वर मेंदू, बाजूला डोळा, खाली टाळू आणि दाढांची मुळे. मधल्या भिंती काही ठिकाणी कागदासारख्या पातळ असतात. सायनसमधला गंभीर आजार डोळ्यापर्यंत आणि मेंदूपर्यंत लवकर जातो, तो या शेजारामुळे.

बुरशी नाकात येते कुठून?

हवेतून. आणि ती रोज येते. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिच्या बियाच म्हणा, सगळीकडे असतात. भाताच्या पेंढ्यात, शेणखतात, कुजणाऱ्या पानांत, घराच्या ओल्या कोपऱ्यात. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा बीजाणू साधारण २ ते ३ मायक्रोमीटरचा असतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या-पंचविसाव्या भागाइतका. भाताच्या झोडणीच्या वेळी खळ्यावर जी धूळ उडते, तिच्यात असे असंख्य बीजाणू असतात. मोठा माणूस दिवसभरात सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. ती गाळली जाते नाकात.

त्यामुळे नाकात बुरशी सापडणे म्हणजे आजार नव्हे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने १९९९ मध्ये जुनाट सायनुसायटिसच्या २१० रुग्णांच्या नाकातला शेंबूड तपासला. ९६ टक्के रुग्णांमध्ये बुरशी सापडली. तुलनेसाठी १४ निरोगी माणसे तपासली होती. त्या चौदाच्या चौदा जणांच्या नाकातही बुरशी सापडली! पुढे अशा रुग्णांचे नाक बुरशीनाशक औषधाने धुऊन पाहिले गेले, पण औषध नसलेल्या पाण्यापेक्षा त्याचा वेगळा फायदा दिसला नाही.

निरोगी नाकात बुरशी टिकत का नाही? नाकाच्या आतल्या अस्तरावर चिकट पाण्याचा थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म केस असतात. हे केस सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि तो थर सतत घशाकडे ढकलत राहतात. अडकलेला बीजाणू थोड्याच वेळात घशात जातो, आपण तो गिळतो आणि जठरातले आम्ल पुढचे काम करते. जो चुकून मागे राहतो त्याला पांढऱ्या पेशी गाठतात. हे सारे आपल्याला न कळता आयुष्यभर चालू असते.

बुरशी वाढते कशी आणि नाकात काय होते?

शाळेत ओल्या पावावर बुरशी उगवण्याचा प्रयोग अनेकांनी केला असेल. पावावरची ती बुरशी बहुधा ऱ्हायझोपस असते. म्युकरमायकोसिसच्या रुग्णांमध्ये सर्वांत जास्त सापडणारी बुरशीही याच ऱ्हायझोपस कुळातली.

पावावर काय घडते ते पाहा. बीजाणू ओलावा शोषून फुगतो. त्याला कोंब फुटतो आणि कोंबाचा तंतू होतो. तंतूला फाटे फुटतात आणि पांढऱ्या कापसासारखे जाळे पसरते. इथपर्यंत झाली वाढ. मग हे जाळे हवेत उभे दांडे काढते. प्रत्येक दांड्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी एक पिशवी येते. पुस्तकात तिला बीजाणुधानी म्हणतात. तिच्यात हजारो बीजाणू पिकतात, पिशवी काळी पडून फुटते आणि बीजाणू हवेत उडतात. हे झाले पुनरुत्पादन. याखेरीज दोन वेगळ्या प्रकारचे तंतू एकत्र येऊनही नवा बीजाणू तयार होतो, पण त्यासाठी योग्य जोडी आणि योग्य परिस्थिती लागते.

आता महत्त्वाचा मुद्दा. माणसाच्या मांसात शिरलेली ऱ्हायझोपस यातला पहिलाच भाग करते. तंतू वाढतात, फाटे फोडतात, रक्तवाहिन्यांत घुसतात. दांडे काढणे, पिशव्या भरणे, बीजाणू उडवणे हे काम ती मांसाच्या आत करत नाही, कारण त्यासाठी मोकळी हवा लागते. रुग्णाच्या नाकातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की फितीसारखे रुंद तंतू दिसतात. बीजाणूंच्या पिशव्या दिसतात त्या प्रयोगशाळेत बशीवर बुरशी वाढवल्यानंतर.

म्हणूनच म्युकरमायकोसिस एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. रुग्णाच्या श्वासातून बीजाणू उडत नाहीत. त्याच्या ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने, जखम पुसल्याने तुम्हाला हा आजार लागत नाही. एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्येच हे स्पष्ट सांगितले होते. पण त्याच महिन्यात हा आजार साथरोग कायद्याखाली अधिसूचित करायला केंद्राने राज्यांना सांगितले. हेतू होता रुग्णांची नीट मोजणी व्हावी हा. लोकांनी 'साथरोग' एवढाच शब्द ऐकला आणि आधीच खचलेल्या कुटुंबांपासून शेजारीपाजारी दूर झाले.

सायनसमध्ये हवा असते, मग तिथे बीजाणू तयार होतच नाहीत का? कधी कधी होतात. गालाच्या सायनसमध्ये ॲस्परजिलसचा गोळा साचला आणि त्याला हवा मिळत राहिली तर त्यावर बीजाणूंचे तुरे आलेले दिसू शकतात. पण तोही रुग्ण घरातल्यांना धोकादायक नसतो. घरातल्या हवेत आणि अंगणातल्या पाचोळ्यात त्याहून कितीतरी जास्त बीजाणू आधीपासूनच असतात.

एक अपवाद सांगायला हवा. ऱ्हायनोस्पोरिडिऑसिस नावाचा नाकाचा आजार भारतात आणि श्रीलंकेत दिसतो, विशेषतः तळ्यात डुंबणाऱ्यांमध्ये. नाकात तुतीच्या फळासारखा लालसर कोंब येतो, त्यातून रक्त येते आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे बीजाणूंनी भरलेल्या पिशव्याच. हा जीव मात्र नाकाच्या मांसातच पुनरुत्पादन करतो. जुन्या पुस्तकांत त्याला बुरशी म्हटले आहे, आता त्याची गणना बुरशीत होत नाही. तोही माणसाकडून माणसाला पसरत नाही.

'काळी बुरशी' काळी नसते

ऱ्हायझोपसचे जाळे पांढरट-करडे असते. रुग्णाच्या नाकात किंवा टाळूवर दिसणारा काळा रंग असतो मेलेल्या मांसाचा. तंतू रक्तवाहिनीच्या भिंतीतून आत शिरतात, तिथे रक्ताची गुठळी होते, पुढचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि तो भाग काळा पडतो. गँगरीन झालेले बोट काळे पडते, तसेच.

नावाने किती घोळ घातला ते आठवा. २०२१ मध्ये एक संदेश मोबाइलवर फिरत होता, की कांद्याच्या सालीवरचा आणि फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजेच काळी बुरशी. कांद्यावरचा काळा थर सहसा ॲस्परजिलस नायजर या वेगळ्या बुरशीचा असतो. कांदा सोलून, धुऊन वापरला की झाले. पुढे पांढरी बुरशी, पिवळी बुरशी अशाही बातम्या आल्या. लोक रंग मोजत बसले. ग्लुकोमीटर मात्र कपाटात राहिला.

काळा डाग दिसण्याची वाट पाहणे हीदेखील या नावाचीच देणगी. काळेपणा दिसतो तोवर तिथले मांस मेलेले असते. आजार ओळखायचा तो त्याच्या आधी.

सायनसमधल्या बुरशीचे मुख्य प्रकार

"सायनसमध्ये बुरशी आहे" असे अहवालात वाचले की घरात रडारड सुरू होते. पण हा एकच आजार नाही.

१. बुरशीचा गोळा : बहुधा एकाच सायनसमध्ये, बहुतेकदा गालाच्या. बुरशी मांसात शिरत नाही, पोकळीत साचून राहते. एका बाजूचे नाक चोंदणे, घाण वास, गालात जडपणा अशा तक्रारी असतात. वरच्या दाढेच्या रूट कॅनालमध्ये भरलेले सिमेंट सायनसमध्ये गेले असेल तर असा गोळा होण्याचा संभव वाढतो. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून गोळा काढला की सहसा प्रश्न सुटतो. बुरशीनाशक गोळ्या सहसा लागतही नाहीत.

२. ॲलर्जीचा प्रकार : इथे त्रास बुरशीपेक्षा तिच्याविरुद्धच्या ॲलर्जीचा असतो. तरुण वयात दिसतो. नाकात मांसाचे कोंब येतात, सायनस घट्ट, चिकट, मातकट चिकाने भरतात. शस्त्रक्रियेने सायनस साफ करतात आणि नंतर दीर्घकाळ स्टिरॉइडचा नाकातला फवारा द्यावा लागतो.

३. हळूहळू शिरणारा प्रकार : महिनोन् महिने वाढतो. भारत, पाकिस्तान, सुदान या देशांत याचा एक प्रकार प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या लोकांतही दिसतो. बहुधा ॲस्परजिलस फ्लेव्हस कारणीभूत असते. एक डोळा हळूहळू पुढे येऊ लागणे हे त्याचे लक्षण.

४. झपाट्याने शिरणारा प्रकार : काही तासांत, दिवसांत पसरतो. म्युकरमायकोसिस याच गटातला. अनियंत्रित मधुमेह, स्टिरॉइडचा मोठा डोस, रक्ताचा कर्करोग, अवयव प्रत्यारोपण अशा परिस्थितीत होतो.

जिवावर बेतणारा प्रकार चौथा. तिसऱ्यालाही गंभीर आणि लांब उपचार लागतात. पहिल्या दोन प्रकारांत घाबरून जाण्याचे कारण नाही, नीट उपचार हवेत.

मग २०२१ मध्येच एवढे रुग्ण का?

बुरशी तीच होती, पेंढाही तोच होता. बदलली होती माणसाची अवस्था.

रक्तात साखर बराच काळ जास्त राहिली की बुरशीला मारणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. मधुमेह फारच हाताबाहेर गेला की रक्तात आम्ल साचते. एरवी शरीर लोह प्रथिनांशी घट्ट बांधून ठेवते, म्हणजे ते जंतूंच्या हाती लागत नाही. रक्त आम्लधर्मी झाले की हे लोह सुटे होते आणि ऱ्हायझोपसला नेमके तेच हवे असते. स्टिरॉइड एकाच वेळी दोन गोष्टी करते, पांढऱ्या पेशींना दाबते आणि साखर वाढवते. कोविडनेही अनेकांची साखर बिघडवली. तिन्ही गोष्टी एका माणसात एकत्र आल्या, की एरवी गिळून टाकला जाणारा बीजाणू नाकातच रुजतो.

हा नुसता तर्क नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या आधीच, देशातल्या १६ रुग्णालयांनी मिळून म्युकरमायकोसिसच्या २८७ रुग्णांची नोंद केली. त्यातल्या १८७ जणांना कोविड झाला होता. कोविड झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही गटांत सर्वाधिक आढळलेले कारण होते अनियंत्रित मधुमेह. कोविडमध्ये अयोग्य रीतीने दिलेल्या स्टिरॉइडचा संबंधही त्यात दिसला. मे २०२१ मध्ये आयसीएमआरने काढलेल्या सूचनांतही साखर काबूत ठेवा आणि स्टिरॉइड योग्य वेळी, योग्य डोसमध्ये, योग्य मुदतीपुरतेच द्या, यावर भर होता. ऑक्सिजनच्या बाटलीतले पाणी स्वच्छ ठेवा, असेही त्यात होते आणि ते बरोबरच आहे. पण चर्चा रंगली ती पाण्याची, वाफेची, झिंकच्या गोळ्यांची. साखरेचा मुद्दा मागे पडला, कारण साखर रोजचीच. तिची बातमी होत नाही.

माझे म्हणणे

माझे म्हणणे सरळ आहे. बुरशीला आपण हद्दपार करू शकत नाही. कोकणात राहून पावसाळ्यात बुरशी नको म्हणणे म्हणजे कुंडलिकेकाठी राहून पाणी नको म्हणण्यासारखे. आपल्या हातात दोन गोष्टी आहेत, साखर आणि स्टिरॉइड. दोन्हींबाबत आपण, म्हणजे डॉक्टर, औषध दुकानदार आणि रुग्ण, अजूनही ढिले आहोत.

आधी साखर. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. अनेकांना तो असल्याचे माहीतच नसते. २०२१ मध्येही काही रुग्णांना "तुम्हाला मधुमेह आहे" हे कळले ते म्युकर झाल्यानंतरच. ३० वर्षांवरील लोकांची साखर आणि रक्तदाब सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासतात. तरीही "मला काही त्रास नाही" म्हणून ती तपासणी टाळली जाते.

आता स्टिरॉइड. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, मिथाइलप्रेडनिसोलोन ही त्यांची काही नावे. सर्दी, दमा, अंगदुखी, कंबरदुखी, खाज, अशक्तपणा या सगळ्यांवर स्टिरॉइडने पटकन बरे वाटते, भूक लागते, अंगात जोर आल्यासारखा वाटतो. म्हणून ती पुडीतून दिली जातात, शेजारणीकडून मागून घेतली जातात, जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा आणली जातात. कायद्याने ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्यांच्या पाकिटावर लाल उभी रेषही असते. ती रेष किती जण पाहतात?

नाव नसलेली पुडीतली गोळी घेणे बंद करा, ही माझी कळकळीची विनंती. डॉक्टर कोणीही असो, "यात स्टिरॉइड आहे का? किती दिवस घ्यायचे? साखर कधी तपासायची?" हे तीन प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. असे विचारले म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही.

आम्हा डॉक्टरांकडूनही अपेक्षा आहे. स्टिरॉइड लिहिण्याआधी बोटातून एक थेंब रक्त काढून साखर पाहायला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे प्रत्येक दवाखान्यात काढलीच पाहिजेत. आणि नुसती उपाशीपोटीची साखर पाहून समाधान मानू नये. सकाळी घेतलेल्या स्टिरॉइडने साखर चढते ती दुपारी आणि संध्याकाळी. सकाळचा आकडा सरळ असतो आणि सगळे निर्धास्त राहतात.

"मग स्टिरॉइड घ्यायचेच नाही का?"

असा अर्थ कृपया काढू नका. स्टिरॉइड हे जीव वाचवणारे औषध आहे. ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांमध्ये रोज ६ मिलीग्रॅम डेक्सामेथासोन, जास्तीत जास्त १० दिवस, दिल्याने मृत्यू कमी होतात हे ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत २०२० मध्ये सिद्ध झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नव्हता. दम्याचा पंप आणि ॲलर्जीचा नाकातला फवारा यांत स्टिरॉइडची मात्रा अगदी कमी असते आणि ती जागेवरच काम करते. हा लेख वाचून तो फवारा बंद करू नका. दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या एकाएकी थांबवणे तर धोक्याचे आहे.

दुसरा आक्षेप असा, की "पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतली माती-रंगाची धूळ, रोह्याच्या धाटाव एमआयडीसीचा वास, खळ्यावरचा भुसा, यांचे काहीच नाही का?" आहे ना. धुळीने आणि धुराने नाकाचे अस्तर सुजते, ॲलर्जी वाढते, दमा उसळतो. मूर्तीला पॉलिश करताना, झोडणी करताना, जुना पेंढा उपसताना तोंडाला मास्क किंवा निदान रुमाल हवाच. ज्यांची साखर फार वाढलेली आहे, ज्यांचे केमोथेरपीचे उपचार चालू आहेत किंवा अवयव प्रत्यारोपण झाले आहे, त्यांनी ही कामे दुसऱ्यांवर सोपवावीत. घरातली ओल, गळके छप्पर दुरुस्त करावे. पण भिंत घासून साखर उतरत नाही, एवढे लक्षात असू द्या.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

मधुमेह आहे, स्टिरॉइड चालू आहे किंवा नुकतेच झाले आहे, आणि पुढीलपैकी काही जाणवते आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा :

• एकाच बाजूचा गाल किंवा डोळ्याभोवतीचा भाग दुखणे, सुजणे, बधिर होणे
• एकाच बाजूचे नाक चोंदणे, रक्ताळ किंवा काळपट स्राव येणे
• वरचे दात अचानक दुखणे किंवा हलू लागणे
• टाळूवर किंवा नाकात काळी खपली
• डोळ्याची पापणी खाली येणे, एकाचे दोन दिसणे, दृष्टी कमी होणे
• ताप आणि न थांबणारी डोकेदुखी, गुंगी

साधी सर्दी सहसा दोन्ही बाजूंना असते आणि आठवड्या-दहा दिवसांत उतरते. एकाच बाजूचा त्रास आणि सोबत वाढलेली साखर ही जोडी दिसली तर "सायनसच आहे, वाफ घ्या" म्हणून घरी बसू नका.

आपल्याकडे यात अंतराचाही प्रश्न आहे. पेण आणि रोह्याच्या आसपासच्या वाड्यांवरून आधी गावातला दवाखाना, मग तालुक्याचे रुग्णालय, मग अलिबाग, नवी मुंबई किंवा मुंबई, असा प्रवास होतो. या आजारात तास मोजायचे असतात. त्यातले चार दिवस वाफ, बाम आणि पुडी यांत गेले, तर पुढच्या शस्त्रक्रियेत काय वाचवता येईल ते आधीच ठरून जाते.

उपचार कसे असतात?

कान-नाक-घसा तज्ज्ञ दुर्बिणीने नाक तपासतात आणि संशयित भागाचा तुकडा घेतात. तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तंतू काही तासांतच दिसू शकतात. आजार किती पसरला ते सीटी स्कॅन आणि एमआरआयवर कळते.

उपचाराचे तीन पाय आहेत. साखर आणि रक्तातले आम्ल ताब्यात आणणे, मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे आणि ॲम्फोटेरिसिन-बी हे औषध शिरेतून देणे. नंतर पोसाकोनाझोलसारख्या गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतात. "औषध आहे तर कापता कशाला?" असे नातेवाईक विचारतात. कारण औषध पोहोचते रक्तातून आणि मेलेल्या भागातल्या रक्तवाहिन्या तर बुजलेल्या असतात. तिथे औषध जात नाही, बुरशी मात्र वाढत राहते. ॲम्फोटेरिसिनचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिन आणि पोटॅशियम वारंवार तपासतात. साध्या अँटिबायोटिक्सचा बुरशीवर काहीही परिणाम होत नाही.

खर्च मोठा असतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने म्युकरमायकोसिसचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतले होते. अशी वेळ आलीच तर दाखल होतानाच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून योजनेची चौकशी करा.

थोडक्यात

• बुरशीचे बीजाणू रोज आपल्या नाकात जातात. निरोगी नाक ते बाहेर काढते.
• म्युकरमायकोसिस एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाजवळ बसा, त्याला जेवू घाला.
• वय तिशीपुढे असेल आणि कधीच साखर तपासली नसेल, तर या आठवड्यात तपासा.
• मधुमेह असेल तर तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासा आणि आकडा वहीत लिहून ठेवा.
• स्टिरॉइड चालू असेल तर दुपारची, संध्याकाळची साखर पाहा.
• नाव नसलेली गोळी घेऊ नका.
• एकाच बाजूचा चेहरा, नाक, डोळा दुखत असेल तर काळा डाग पडायची वाट पाहू नका.

हा लेख माहितीसाठी आहे. स्वतःच्या औषधांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा. आणि घरात कुणी मधुमेही असेल, तर आज त्यांना एवढेच विचारा, "शेवटची साखर कधी तपासलीस?" उत्तर आठवत नसेल, तर तपासायची वेळ झाली आहे.